घरच्या कम्प्युटरसाठी युटिलिटी संच: घ्यायचा की नाही, आणि घ्यायचाच तर कसा

घरातला कम्प्युटर रडतखडत चालायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'फॉरमॅट मारून टाका'. दुसरा, 'एखादं क्लीनर टाका, सगळं साफ होईल'. पहिल्या सल्ल्यात निदान थोडं तथ्य असतं. दुसरा सल्ला ऐकून माणूस इंटरनेटवर शोधायला बसतो आणि त्याच्यासमोर साफसफाई, रजिस्ट्री, स्टार्टअप, ड्रायव्हर, डुप्लिकेट फोटो, अँटिव्हायरस, व्हीपीएन असं सगळं एकत्र बांधून विकणारे डझनभर संच येऊन उभे राहतात. प्रत्येकावर 'आज ७० टक्के सूट'. ती सूट उद्याही असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या संचांतली बहुतेक कामं विंडोजमध्ये फुकट होतात. काही कामं न केलेलीच बरी. आणि ज्या एका कामावर खरोखर पैसे खर्च करावेत, म्हणजे बॅकअप, ते या संचांत एक तर नसतं किंवा कुठेतरी कोपऱ्यात असतं. तरीही काही घरांत संच घेणं सोयीचं ठरतं, म्हणून निवडीची पद्धत सांगतो. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

हे संच आले कुठून हे थोडक्यात बघू, कारण त्यावरून पुढचा हिशोब सोपा होतो. नॉर्टन युटिलिटीज १९८२ साली आल्या. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चुकून पुसलेली फाइल परत मिळवायची सोय नव्हती, ती पीटर नॉर्टन यांच्या प्रोग्रॅमने दिली. लोकांनी पैसे मोजले ते ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खरीच उणीव होती म्हणून. मग १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीफ्रॅगचं (डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावण्याचं) साधन सिमँटेककडून आणि अँटिव्हायरस सेंट्रल पॉइंटकडून परवान्यावर घेऊन थेट आतच टाकलं. तेव्हापासून हेच चालू आहे. बाहेर विकलं जाणारं एकेक काम सिस्टिमच्या आत जातं आणि विकणाऱ्याला खोकं भरायला नवं काहीतरी शोधावं लागतं. म्हणून यादीत कामं किती आहेत याला फार महत्त्व देऊ नका. त्यातलं तुमच्या मशीनमध्ये आधीपासून काय नाही, तेवढंच मोजा.

पायरी १: आधी दुखणं शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं की ती एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) हे लिहिलेलं दिसतं. शेजारी मेमरी बघा. एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना किती जीबी वापरात आहे हे कागदावर टिपून ठेवा.

डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि मशीन चालू केल्यावर बराच वेळ तिचा वापर १०० टक्क्यांवर अडकून बसत असेल, तर शोध इथेच संपला. कुठलंही क्लीनर या मशीनला पळवू शकत नाही. विंडोज १० आणि ११ फिरत्या डिस्कवर कुथतातच. एसएसडी बसवणं हा एकमेव गुणकारी उपाय आहे, आणि रॅम (मेमरी) ४ जीबी असेल तर तीही वाढवायची. संचाची दोन-तीन वर्षांची वर्गणी जोडून बघा आणि जवळच्या कम्प्युटरवाल्याला एसएसडीचा भाव विचारा. बऱ्याचदा निर्णय त्या एका फोनवर होतो.

डिस्कची तब्येतही आत्ताच तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन यासाठी पुरेसं आहे. निळा 'गुड' दिसला तर ठीक. पिवळा 'कॉशन' दिसला तर बाकी सगळं सोडून आधी फायली दुसरीकडे कॉपी करा. अशा डिस्कवर साफसफाईचं किंवा डीफ्रॅगचं काम चालवणं म्हणजे तिला उरल्यासुरल्या ताकदीनिशी पळायला लावणं.

अजून एक जागा फार जणांना ठाऊक नसते. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी हिस्टरी' टाइप करा. कुठल्या तारखेला कुठला प्रोग्रॅम कोसळला, कुठलं अपडेट अडलं, हे तारीखवार मांडलेलं दिसतं. दर दोन दिवसांनी एकाच प्रोग्रॅमचं नाव लाल फुलीसकट दिसत असेल, तर तो प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायचा. त्यासाठी संच लागत नाही.

आणि हो, मशीन 'रिस्टार्ट' करून बघितलंत का? रात्री शट डाउन करतो म्हणून चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

पायरी २: विंडोजकडे आधीच काय आहे ते वापरून घ्या

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे जा. टेंपररी फाइल्समध्ये जुन्या अपडेटचा कचरा निघतो. स्टोरेज सेन्स चालू केलं की हे काम ठराविक काळाने आपोआप होतं. फक्त डाउनलोड्स फोल्डरच्या पर्यायापाशी थांबा आणि तो 'नेव्हर'वरच राहू द्या. आपल्याकडे आधारची प्रत, विजेचं बिल, मुलाची मार्कशीट सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं.

डीफ्रॅगचं काम 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' करतं आणि ते आठवड्यातून एकदा आपोआप चालावं अशीच मूळ मांडणी असते. डिस्क एसएसडी आहे हे ओळखून ते डीफ्रॅगऐवजी ट्रिम (कुठली जागा आता मोकळी आहे हे डिस्कला कळवणं) चालवतं. त्यामुळे एसएसडीला 'खास डीफ्रॅग' विकणाऱ्या संचाला तिथूनच नमस्कार.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये मशीनसोबत उठणाऱ्या प्रोग्रॅमची यादी मिळते. मीटिंगची अ‍ॅप्स, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. पुसलं जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. याहून खोलात जायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स घ्या. ही मार्क रुसिनोविच आणि सहकाऱ्यांची साधनं मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि आजही मोफत दिली जातात. पण ऑटोरन्समध्ये माहीत नसलेल्या ओळीची खूण काढू नका.

ड्रायव्हरसाठी, म्हणजे प्रिंटर, साउंड वगैरे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, विंडोज अपडेटमधले ऑप्शनल अपडेट्स बघा. लॅपटॉप असेल तर कंपनीचं स्वतःचं साधन असतंच: लेनोवोचं व्हँटेज, डेलचं सपोर्टअसिस्ट, एचपीचं सपोर्ट असिस्टंट, आसुसचं मायआसुस.

व्हायरसपासून संरक्षणासाठी मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आत आहेच. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो स्वतःहून बाजूला होतो. त्यामुळे विंडोज सिक्युरिटी उघडून सध्या पहारा कोणाचा आहे हे नक्की बघा. मुदत संपलेला अँटिव्हायरस वर्षभर नुसता खुर्ची अडवून बसलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

विंडोज १० वाल्यांसाठी एक जास्तीची ओळ. त्याचं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि तिची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते. सिस्टिमची भोकं बुजवणारं अपडेट थांबलं की त्याची भरपाई कुठलाही संच करत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

हे सगळं करून दोन-चार दिवस मशीन वापरा. बऱ्याच जणांची गरज इथेच भागते.

पायरी ३: यादीतली ही नावं दिसली की सावध व्हा

रजिस्ट्री क्लीनर. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, लाखो नोंदी असतात. त्यातल्या काहीशे अनाथ नोंदी पुसल्याने वेग वाढत नाही. चुकीची एक पुसली तर प्रिंटरपासून विंडोज सुरू होण्यापर्यंत काहीही अडू शकतं. मायक्रोसॉफ्टचं धोरण स्पष्ट आहे: रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापराला ती समर्थन देत नाही.

रॅम बूस्टर. विंडोज मोकळ्या रॅममध्ये लागणाऱ्या गोष्टी आधीच आणून ठेवतं. बूस्टर त्या हाकलून देतो, आकडा सुंदर दिसतो आणि पुढच्या क्लिकला त्याच गोष्टी डिस्कवरून पुन्हा आणाव्या लागतात.

ड्रायव्हर अपडेटर. चालू असलेला ड्रायव्हर बदलायचं कारण असेल तरच बदलायचा. '२३ ड्रायव्हर जुने आहेत' हे कारण नव्हे.

भीती घालणारं मोफत स्कॅन. यावर एक खरा किस्सा सांगतो, न्यायालयात गेलेला. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची साखळी आहे. तिथे ग्राहकाचा कम्प्युटर मोफत तपासून देत. सुरुवातीला चार प्रश्न असायचे: मशीन हळू चालतं का, नको त्या जाहिराती येतात का, अशा थाटाचे. एकालाही 'हो' म्हटलं की व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. स्कॅनमध्ये काय सापडलं याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. तिथल्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. डिफेंडरही मार्च २०१८ पासून असे घाबरवून पैसे मागणारे प्रोग्रॅम नको असलेल्या वर्गात टाकून काढतो.

क्रॅक केलेल्या संचांबद्दल फार लिहित नाही. या प्रोग्रॅमना मशीनवर मालकाचे सगळे अधिकार द्यावे लागतात. ते अधिकार अनोळखी माणसाने फोडलेल्या फाइलला द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पायरी ४: बॅकअप, म्हणजे खरं काम

फोटो, हिशोब, मुलांचे प्रकल्प, घराची कागदपत्रं. मशीन हळू झालं तर चिडचिड होते. हे गेलं तर परत येत नाही. त्यामुळे संच निवडताना पहिला प्रश्न हा असावा: यात संपूर्ण डिस्कची प्रतिमा (विंडोजसकट हुबेहूब प्रत) घेणारा बॅकअप आहे का? नसेल, तर तो वेगळा उभा करायचा आणि उरलेलं बजेट बघून संचाचा विचार करायचा.

पुढची मांडणी घरासाठी पुरते. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. ती कायम जोडून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. आठवड्यातून एकदा जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढून कपाटात. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर. गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी फुकट मिळतात. कागदपत्रांना ते पुरतं, फोटोंना नाही. वनड्राइव्ह चालू आहे म्हणजे बॅकअप झाला असंही समजू नका. ती जुळवणी आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत फाइल ३० दिवसच राहते.

फायलींसाठी विंडोजची फाइल हिस्टरी चांगली आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये मिळेल. ती जुन्या आवृत्त्याही जपते. पण ती डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारख्या लायब्ररींपुरतंच बघते, आणि आपल्याकडची अर्धी कामाची माहिती भलतीकडे असते. टॅलीप्राइम या हिशोबाच्या प्रोग्रॅमचा डेटा मूळ मांडणीत सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो. घरून दोन दुकानांचे हिशोब लिहिणाऱ्याने हे फोल्डर लायब्ररीत जोडलं नाही तर फाइल हिस्टरी त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. डी ड्राइव्हवर ठेवलेल्या लग्नाच्या व्हिडिओंचंही तेच.

जुन्या मराठी फायलींचा प्रश्न वेगळा. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून फायलींसोबत ते फॉन्ट आणि त्यांचं मूळ इन्स्टॉलेशनही बॅकअपमध्ये घ्या. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी त्याच्या ड्रायव्हरची फाइलही घ्यावी. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी तो शोधत बसायची वेळ येऊ नये.

संपूर्ण डिस्कच्या प्रतिमेसाठी वीम एजंटची मोफत आवृत्ती चालते. अनेकांचा आवडता मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री आता बंद झाला आहे, जुने व्हिडिओ बघून त्याच्या मागे लागू नका. तुमच्याकडे वेस्टर्न डिजिटल किंवा सीगेटची डिस्क असेल तर अ‍ॅक्रॉनिसची खास आवृत्ती त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. घरात त्यांची बाहेरची डिस्क पडलेली असूनही पैसे देऊन बॅकअप सॉफ्टवेअर घेणारे लोक आहेत.

बॅकअप घेतल्यावर एक फाइल परत काढून, शक्य तर दुसऱ्या मशीनवर, उघडून बघा. आणि विंडोज ११ असेल तर डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली आहे का ते तपासा. नव्या लॅपटॉपवर हे बऱ्याचदा आपोआप होतं. तसं असेल तर विंडोजच्या या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर फायली असूनही नसल्यासारख्या.

पायरी ५: तरीही संच हवा असेल तर

हवा असायला कारणं आहेत. आईवडील गावी आहेत, मुलगा बंगळुरूला किंवा दुबईला, आणि घरच्या तीन मशीनवर सगळं एकाच खिडकीत दिसावं अशी इच्छा आहे. एवढी सोय विकत घेण्यात काही वावगं नाही. मात्र आधी घरात काय आहे ते बघा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत पुण्याच्या क्विक हीलचा अँटिव्हायरस असतो. त्याच्या टोटल सिक्युरिटीत पीसीट्यूनर नावाचा भाग आधीच मिळतो. तो असताना वेगळं क्लीनर विकत घेणं म्हणजे निव्वळ दुहेरी खर्च.

मग मालक कोण ते शोधा. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि सीक्लीनर ही पाच नावं आज एकाच जेन डिजिटल कंपनीच्या छत्राखाली आहेत. पाच संचांची तुलना केली असं वाटतं आणि प्रत्यक्षात आपण एकाच दुकानाच्या पाच फळ्या बघितलेल्या असतात. मालकाचा इतिहासही बघा. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून घातक कोड घुसवला होता. महिनाभर ती अधिकृत संकेतस्थळावरून वाटली गेली आणि सुमारे २२.७ लाख मशीनवर पोहोचली. ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अव्हास्टला अमेरिकेत १.६५ कोटी डॉलर भरावे लागले. ही उत्पादनं आज वाईटच आहेत असं यातून सिद्ध होत नाही. पण मशीनचा संपूर्ण ताबा मागणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. गोपनीयतेच्या पानावर 'थर्ड पार्टी' शब्द शोधा, आणि सेटिंगमध्ये माहिती न पाठवण्याची खूण सापडते का ते बघा.

आता चाचणी. पैसे देण्याआधी चाचणी आवृत्ती घ्या, तीही कंपनीच्याच संकेतस्थळावरून. शोधात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको. टाकण्याआधी शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिहून सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे याची खात्री करा आणि एक पॉइंट बनवा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ टिपा. पहिल्या पायरीत टिपलेला मेमरीचा आकडा आहेच.

इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा आणि ब्राउझर, सर्चबार, आणखी एखादा मोफत अँटिव्हायरस अशा आपोआप लागलेल्या खुणा काढा. मग स्कॅन चालवा. विंडोजने नुकत्याच साफ केलेल्या मशीनवर जर ते शेकडो 'समस्या' दाखवत असेल, तर यादी उघडा. प्रत्येक कुकी (लॉगिन लक्षात ठेवण्यासारख्या कामांसाठी संकेतस्थळाने ठेवलेली छोटी नोंद) एक समस्या म्हणून मोजली असेल तर काय ते कळलंच. यादी न दाखवता थेट पैसे मागत असेल तर तिथेच काढून टाका. कुकीज सरसकट पुसू देऊ नका, सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसावं लागेल.

आठवडाभराने पुन्हा तेच दोन आकडे घ्या. संच स्वतःच स्टार्टअपमध्ये तीन-चार सेवा बसवून मशीन आधीपेक्षा जड करतो असं अनेकदा निघतं. आकडे सुधारले नसतील तर अनइन्स्टॉल करा आणि अनइन्स्टॉल होतंय कसं तेही नीट बघा. ब्राउझरचं एक्स्टेन्शन मागे राहतं का? अँटिव्हायरस असेल तर कंपनीचं वेगळं काढणी साधन वापरावं लागतं का? जो सहज निघतो तोच घेण्याच्या लायकीचा.

स्वतःचा संच जुळवायचा असेल तर माझी यादी छोटी आहे: क्रिस्टलडिस्कइन्फो, जागा कुठे गेली हे दाखवणारं विझट्री, फायली दाबायला सेव्हन-झिप, हट्टी प्रोग्रॅम काढायला रेव्होची मोफत आवृत्ती, आणि बॅकअपसाठी वर सांगितलेल्यांपैकी एक. व्हायरसची शंका आली तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट (मशीन दुरून ताब्यात घेणारे प्रोग्रॅम) काढणारी मोफत साधनं आहेत.

पायरी ६: पैसे देताना

पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात असतो. दुसऱ्या वर्षाचा भाव शोधून काढा आणि तोच खरा भाव समजा. किती मशीनसाठी आहे, जीएसटी धरून आहे की वेगळा, परतावा किती दिवसांत मिळतो, हे बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. एकाच मशीनसाठी दहा मशीनचा परवाना स्वस्त वाटला म्हणून घेऊ नका.

कार्ड टाकलं की स्वयंचलित नूतनीकरण बहुतेकदा चालू होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे, आणि त्या संदेशातूनच ती नाकारण्याची सोय असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला मात्र दर वेळी ओटीपी विचारला जात नाही, त्यामुळे तो संदेश वाचायचा राहिला तर पैसे गेलेच. म्हणून खरेदी झाली त्याच दिवशी कंपनीच्या खात्यात जाऊन नूतनीकरण बंद करा. भरलेल्या मुदतीपर्यंत परवाना सहसा चालूच राहतो. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेटची (आपोआप वजावटीच्या परवानग्यांची) यादी, आणि यूपीआयने भरलं असेल तर त्या अ‍ॅपमधलं ऑटोपे उघडून तिथलीही परवानगी रद्द करा.